त्या दिवशी नांदेडला विमान नव्हतं

असले अनुभव मी बरीच वर्षं वाचत आलो आहे, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसतच आलो आहे. चकवा, मागून आलेली हाक, विहिरीवरची बाई... माझी सगळी नोकरी हिंगोलीच्या बसस्थानकात, चौकशीच्या खिडकीत गेली. बाहेरून माणूस विचारायचा, आतून मी सांगायचो — गाडी कधी सुटणार, कुठल्या फलाटावर लागणार, कधी पोहोचणार. अशा माणसाचा विश्वास वेळापत्रकावर बसतो, भुताखेतांवर बसत नाही. माझा तर आजही बसलेला नाही.

तरी लिहितो आहे. कारण जे घडलं त्यातलं अर्धं मला समजत नाही, आणि उरलेलं अर्धं मला फार चांगलं समजतं — ती माझी चूक होती. तीन वर्षं मी ती माझ्या पुतण्याच्या नावावर खपू दिली. आता वय शहात्तर आहे. फार वाट बघण्यात अर्थ नाही.

आधी घर सांगतो. हिंगोलीत स्टेशन रोडच्या आतल्या बाजूला आमची गल्ली. लोखंडी फाटक, छोटं अंगण, अंगणात सिमेंटचा हौद आणि हौदापाशी पाय धुवायला एक फरशी. बाहेरून आलेल्या माणसानं पाय धुतल्याशिवाय आत यायचं नाही, हा आमच्या वहिनींचा नियम. प्लास्टिकचा मग हौदावरच्या खिळ्याला टांगलेला असायचा. वापरून परत खिळ्यालाच लावायचा, हाही नियमच.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ लवकर गेला, माझी बायकोही गेली. शेवटी त्या घरात आम्ही दोघं म्हातारे दीर-भावजय उरलो. वहिनींना दोन मुलं. मंगल कळमनुरीला दिलेली, आणि तिचा थोरला भाऊ विनू हैदराबादला. विनू तिकडे एका औषधाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो. कारखाना शहराच्या पार उत्तरेला, निजामाबादच्या रस्त्यावर. म्हणजे आपल्याकडे येणाऱ्या रस्त्यावरच. ही गोष्ट लक्षात ठेवा.

भाद्रपदातले दिवस होते. नांदेडच्या डॉक्टरांनी वहिनींना घरी न्या म्हणून सांगितलं होतं. मंगल येऊन राहिली होती. वहिनी काही खात नव्हत्या, घोटभर पाणी घ्यायच्या आणि एकच विचारायच्या, "विनू कुठवर आला?"

आदल्या रात्री मी त्यांच्या उशाशी बसलो होतो. झोप येत नव्हती, म्हणून मोबाइल काढला. रिटायर झाल्यापासून मला एक नाद लागलाय — दोन गावांची नावं टाकायची आणि अंतर बघायचं. त्या रात्री मी टाकलं, हैदराबाद विमानतळ ते नांदेड विमानतळ. एक पान उघडलं. दोन ठिपके, त्यांच्यामध्ये कमानीसारखी रेघ, रेघेवर छोटं विमान. खाली अंतर, अडीचशे किलोमीटरच्या आतलं. त्याच्याखाली प्रवासाचा वेळ — तासाला काही मिनिटं कमी.

मी चाटच पडलो. हैदराबाद ते नांदेड, तासाच्या आत!

आता इथे माझी चूक सांगतो. एसटीत असं असतं की ज्या दोन गावांमध्ये अंतर आणि धावेची वेळ लिहिलेली आहे, त्या दोन गावांमध्ये गाडी असतेच. गाडीच नसेल तर अंतर मोजायला कोण बसलंय? माझ्या डोक्यात ते इतकं घट्ट होतं की दुसरा विचारच आला नाही. विमान किती वाजता सुटतं हे त्या पानावर नव्हतं. मी धरलं, दिवसातून चार-दोन असतीलच. त्या पानाला दोन ठिपक्यांमधलं अंतर तेवढं माहीत होतं. विमान उडतं की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

सकाळी मंगलनं विनूला फोन लावला. आई आता थोड्या वेळाची सोबती आहे, ताबडतोब नीघ, असं ती रडत सांगत होती. तो म्हणाला, सोबत काम करणाऱ्या माणसाची गाडी कारखान्याच्या गेटवर उभी आहे, आत्ता निघालो तर दोनपर्यंत पोहोचतो.

मी फोन तिच्या हातातून घेतला.

"विन्या, गाडी-बिडी राहू दे. खड्डे मोजत यायचं का? विमानानं ये. नांदेडला तासाच्या आत."

"काका, मी कधी बसलो न्हाई विमानात. तिकीट कसं काढतेत..."

"तिथं काउंटर असतंय. मी सगळं बघून ठेवलंय."

"नक्की ना, काका?"

"अरे, टाइम कोण सांगून राहिलं तुला? मी सांगून राहिलो!"

"बरं," म्हणाला. लहानपणापासून त्याला आणि अख्ख्या गल्लीला मीच वेळ सांगत आलो होतो. माझी वेळ दुसऱ्या कुणाला विचारून पडताळायची असते, हे त्या पोराच्या मनातही आलं नाही.

मी ऐटीत जाहीर केलं, "एक-दीडपर्यंत दारात उभा राहतो बघा."

खाटेवरून वहिनींचा आवाज आला. दोन दिवसांत इतका स्पष्ट आवाज आला नव्हता.

"एक-दीड ना? मग थांबते मी."

सकाळ बरी गेली. अकराच्या पुढे माझा मोबाइल वाजला. विनूच. मी अंगणात येऊन घेतला.

"काका, बोर्डावर नांदेड न्हाई."

"नीट बघ."

"विचारलं. ठरलेल्या वारालाच असतंय म्हणली काउंटरवरची बाई. आज न्हाई." मग जरा थांबून म्हणाला, "अख्खं शहर ओलांडून उलटं आलो, काका. मी घरच्या रस्त्यावरच होतो."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "आता काय करू?"

हा प्रश्न मला आयुष्यभर लोकांनी विचारला. "भेटेल त्या गाडीनं नीघ," एवढंच बोललो आणि फोन ठेवला.

आत आलो तर वहिनींचे डोळे दाराला लागलेले. मंगल स्वयंपाकघरातून, "काका, दादाचा फोन होता का?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "व्हय. बसला विमानात."

का बोललो? वहिनी थांबल्या होत्या म्हणून, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. तेही होतं. पण माझी सांगितलेली वेळ चुकली हे त्या घरात उच्चारायला जीभ वळली नाही, हेही तितकंच खरं.

मग पुढचं ओघानंच आलं. मी खाटेशेजारी स्टूल ओढून बसलो. वहिनींनी विचारलं, "उडालं का?"

"उडालं."

"आता कुठं?"

"कामारेड्डीच्या वर असेल."

मनात एकच — या झोपी जाव्यात. कसंही करून डोळा लागावा. मी हळू आवाजात, मुलाला थोपटतात तसा, रस्ता सांगत गेलो. निजामाबाद... बोधन... आता गोदावरी दिसत असेल. वहिनींनी डोळे मिटले. मला हायसं वाटलं. मी म्हणालो, "हे बघा, उतरलं नांदेडला."

डोळे मिटलेलेच. म्हणाल्या, "न्हाई भाऊजी. ढगातच हाय अजून. घिरट्या घालून राहिलंय."

मी स्टूल आणखी पुढे ओढलं.

"घाबरलाय. खुर्ची गच्च धरून बसलाय. अन् हे काय... मांडीवर बायकी छत्री. लाल. काहून आणली असंल?"

मंगल दारात येऊन उभी होती. ती हसली. "आई, विमानात कोण छत्री नेतं!"

"तू त्यालाच इचार आल्यावर." मग थोड्या वेळानं, "आता टेकलं."

ग्लानीत माणूस बडबडतो, हे मला ठाऊक होतं. पण ती बडबड माझ्याच खोट्याची होती, आणि मला सोडून पुढे निघाली होती. या रस्त्याला शेवट आहे. शेवटी हे घर, हे दार. वहिनी डोळे उघडणार, दारात कुणी नसणार, आणि त्या धक्क्यानंच त्या जाणार. म्हणजे मीच त्यांना मारणार.

म्हणून मी उशीर करू लागलो. म्हणालो, "नांदेडच्या रस्त्याला, वारंगा फाट्यावर ट्रक आडवा झालाय म्हणे. तासभर तरी खोळंबा."

"कुठं?" वहिनी म्हणाल्या. "जीप तर निघाली फाट्यावरून. पुढं बसलाय, ड्रायवरपाशी. सगळ्यांनी भजे खाल्ले, यानं न्हाई घेतले. उपाशीच येऊन राहिलाय गं मंगल. भात टाक."

मंगलनं भात टाकला. तिला वाटत होतं, भाऊ खरंच येतो आहे. मीच तसं सांगितलं होतं ना.

मी उठून अंगणात गेलो आणि विनूला फोन लावला. मागे हॉर्न, तेलुगूतली आरडाओरड. तो अजून हैदराबादेतच होता. "काका, आत्ता टॅक्सी भेटली. निघतोय. आई कशी हाय?"

"तुझीच वाट बघून राहिली," म्हणालो.

फोन ठेवला, आत येऊन पुढच्या दाराला आतून कडी घातली. आज हसू येईल, पण माझं डोकं चालत नव्हतं. बंद दारापलीकडे माणूस उभा आहे असं तरी त्यांना वाटेल, रिकामं दार दिसणार नाही — असं काहीतरी मनात होतं. त्यानंतर मी एक शब्द बोललो नाही. गरजही नव्हती. वहिनी स्वतःच सांगत होत्या. बाळापूर गेलं. कळमनुरी गेली. मंगलच्या घराकडं मान वळवून बघितलं त्यानं. मग, "कयाधूचा पूल आला." तो ओलांडला की हिंगोलीच.

मंगलनं भात उतरवला. गल्लीच्या तोंडाशी जीपचा हॉर्न वाजला. आमच्याकडे जीपगाड्या दिवसभर वाजत असतात, त्यात विशेष काही नाही.

मग फाटकाची कडी वाजली.

त्यामागून हौदात मग बुडाल्याचा आवाज. फरशीवर पाणी ओतल्याचा. पुन्हा बुडाला, पुन्हा ओतला. घाईघाईनं पाय धुणाऱ्या माणसाचा आवाज, जो आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे.

मंगल आतून ओरडली, "दादा आला का? पाय धुतोय वाटतं!"

म्हणजे मी एकट्यानंच ऐकलं असं नाही. हे मी मुद्दाम सांगतो आहे.

दार बंद होतं, कडी माझ्या डोळ्यांसमोर होती आणि ती हलली नाही. पण वहिनींनी डोळे उघडले. दाराकडे बघितलं नाही त्यांनी. खाटेच्या कडेला, माझ्या खांद्याच्या जरा वर बघितलं. तोंड भरून हसल्या. गेले कित्येक दिवस ज्यांना कुशीवर वळायलाही आधार लागायचा, त्यांनी हात वर उचलला, आणि तो तिथेच राहिला. हवेत. कुणी धरून ठेवावा तसा.

"आलास? बराबर टायमावर आलास, बाबा."

मंगल धावत आली, कडी काढून अंगणात गेली. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"काका, कुणीच न्हाई. दादा कुठंय?"

मी बाहेर जाऊन बघितलं. ऊन रणरणत होतं. फाटक उघडं. फरशी ओली. प्लास्टिकचा मग फरशीवर पडलेला, खिळ्याला नाही. आमच्या घरात तो तसा टाकून देणारा एकच माणूस होता, आणि त्यावरून त्यानं लहानपणी आईचा मार खाल्ला होता.

वहिनी त्यानंतर शांत झोपल्या. पुन्हा एकदाही "कुठवर आला" विचारलं नाही. चहाच्या वेळेआधी गेल्या. भात तसाच झाकलेला राहिला.

विनू आला तेव्हा दिवे लागले होते. वहिनींची माती सकाळवर ठेवली होती. गोरेगावहून आमचे चुलतभाऊ दत्तूअण्णा आणि बाकीची मंडळी येऊन अंगणात बसली होती. फाटकातून विनू आत आला. पायातले बूट तसेच, केस विस्कटलेले. आणि त्याच्या हातात एक छत्री होती. बायकी. लाल.

मी उठून उभा राहिलो.

ती त्याच्या बायकोची, शोभाची. सकाळी कामावर जायला घाईत घरातून निघताना कोपऱ्यातली हाताला लागली ती उचलली, असं नंतर कळलं. हैदराबादेत सकाळी भुरभुर होती. शोभाला ती दिसेनाशी झाल्याचं संध्याकाळी समजलं. मंगलच्या तर स्वप्नातही नव्हतं. मी स्वतः दोघींना विचारून खात्री केली आहे.

दत्तूअण्णा तोंडाचे फटकळ. सगळ्यांसमोर म्हणाले, "आले का विमानवाले? आमी जीपात कोंबून आलो तरी आधी आलो! माय मरायला टेकली अन् याला इमानात बसायची हौस."

विनूनं माझ्याकडे बघितलं.

मी खाली बघितलं.

एवढंच झालं. तो एक शब्द बोलला नाही. काकांनीच सांगितलं होतं, असं म्हणाला असता तर मी नाकारलं नसतं. पण तो म्हणाला नाही, आणि मीही म्हणालो नाही. रात्री मंगलनं मला विचारलं, "तुमी तर म्हणले होते, बसला विमानात?" त्यावर मी जे बोललो ते लिहिताना आजही हात थांबतो. मी म्हणालो, "मला तरी तसंच बोलला तो."

मंगलनं तीन वर्षं भावाला राखी पाठवली नाही. आईला खोटी आस लावून भलतीकडेच फिरत राहिला, असं तिच्या मनानं घेतलं. भावकीत त्याचं नावच 'विमानवाला' पडलं. वर्षश्राद्धाला आला, पाट मांडला, जेवला आणि कुणाशी न बोलता गेला. पुन्हा हिंगोलीला पाऊल ठेवलं नाही.

मी गप्प का राहिलो? वहिनींच्या शेवटच्या तासाची गोष्ट सांगायची तर आधी सांगावं लागत होतं की विमान नव्हतंच आणि मला ते माहीत होतं. एक लपवायचं तर दुसरंही लपवावं लागलं. माझा आब राखण्यासाठी मी त्या पोराला त्याच्या आईचा निरोपच पोहोचवला नाही.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलला, मग विचारलं, "काका, एक विचारू? आईनं शेवटाला माझं नाव घेतलं होतं का? का वाट बघत बघतच..." त्याच्या डोळ्यांपुढे सारखं दार येतं म्हणाला. आई दाराकडे बघून राहिली आहे, आणि तो पोहोचतच नाही.

मी उद्या सांगतो म्हणालो. आधी मंगलला बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. ती अंगणात हौदापाशी जाऊन आली, बसली. मग म्हणाली, "काका, मी तो मग माझ्या हातानं खिळ्याला लावला त्या दिवशी. अन् दादाला तोंडावर लबाड म्हणले." उठली आणि न जेवताच कळमनुरीची गाडी धरून गेली. मला ते चाललं. माझी तेवढी लायकी आहे.

मग विनूला फोन केला. इथे लिहिलंय तसंच, काही न गाळता सांगितलं. काउंटरवरच्या बाईपासून ते अंगणातल्या माझ्या खाली घातलेल्या मानेपर्यंत. मी विचारलं, "त्या वेळेला तुला काही जाणवलं होतं का? डोळा लागला, स्वप्न पडलं, काही?"

"न्हाई काका. काहीच न्हाई. टॅक्सीवाल्यासोबत भाड्यावरून भांडत होतो बहुतेक."

मला याचा उलगडा होत नाही. ग्लानी म्हणावं तर छत्री उरते. छत्री योगायोग म्हणावी तर फरशीवरचं पाणी उरतं. पाणी शेजारच्यांचं म्हणावं तर मंगलला त्यात भावाचे पाय कसे ऐकू आले, ते उरतं. जो आला होता त्याला स्वतःलाच ठाऊक नाही, आणि जिच्यासाठी आला तिला शंकासुद्धा आली नाही. मी खिडकीत बसून हजारो माणसांना सांगितलं असेल की गाडी नसेल तर पोहोचता येत नाही. आता तसं छातीठोक सांगता यायचं नाही.

फोनवर विनूनं टॅक्सीचा विषय तिथंच सोडला. मग म्हणाला, "काय म्हणली ती? परत एकदा सांगा."

"बराबर टायमावर आलास, बाबा."

मला वाटलं, फोन ठेवला. मग नाक ओढल्याचा आवाज आला.

"काका, दसऱ्याला येतो मी. मंगीचाबी फोन आला होता काल, नुसती रडत होती."

"ये बाबा. कशानं येतोस? निजामाबादवरनं आलास तर—"

"काका," तो म्हणाला, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा मला त्याच्या आवाजात हसू ऐकू आलं, "टाइम तेवढा तुमी सांगू नका."

नाही सांगितला. हौद भरून ठेवला आहे.